पाहुण्यांमागचा केर

गेर्लिंगेनच्या बाजारात शैलाकाकू मुळ्याची जुडी घेते ती पानं बघून घेत नाही, बूड दाबून घेते. डॉक्टरनं गोळी लिहून दिली तर विचारते, "ही तुमच्या आईला दिली असती का?" डॉक्टर हो म्हणाला तरी घरी येऊन गोळी खिडकीच्या उजेडात धरून बघते. तिचा नवरा पंढरीनाथ तिला फौजदारीणबाई म्हणायचा, आणि ते काही लाडानं नव्हे.

पंढरीनाथ इथल्या एका कारखान्यात फिटर होता. लग्न झालं तसं त्यानं तिला वाळव्याकडच्या उसाच्या पट्ट्यातनं उचललं आणि स्टुटगार्टशेजारच्या या गावात आणून टेकवलं. ती इस्पितळाच्या भटारखान्यात लागली. पुस्तकातलं जर्मन तिला कधी आलं नाही. आली ती शेजारी बसून बटाटे सोलणाऱ्या बायकांची श्वाबी बोली, आणि ती अशी रांगडी आली की जर्मनचे वर्ग करून दमलेली पुण्याची आयटीतली पोरं तिच्यापुढं गप्प बसतात. मराठी बोलायची वेळ आली की मात्र तिच्या तोंडात तेच गावचं व्हय आणि न्हाई. त्यांतल्याच एकाच्या बायकोनं विचारलंही, "काकू, इतकी वर्षं झाली, तुमची भाषा सुधारली नाही?"

"बिघडली आसती तर सुधारली आसती," काकू म्हणाली.

पंढरीनाथ गेला. मुलगा हर्ष वाल्डॉर्फला कॉम्प्युटरपुढं बसतो, आणि त्याची पोरगी सिया, नऊ वर्षांची, आजीचं सगळं समजून घेते पण उत्तर जर्मनमध्ये देते. काकू एकटी राहते म्हणून हर्षला घोर. त्यातनं हल्ली म्हाताऱ्या माणसांना फोन करून 'आजी, मी तुझा नातू, अडचणीत आहे' म्हणून लुबाडणारे फार झालेत. पोलीस घरोघरी सांगत फिरतात. काकूलाही असा फोन आला होता. ती म्हणाली, "मला नातूच न्हाई, नात हाय. नीट चौकशी करून परत फोन कर."

अशा बाईच्या तळघरात एका बुधवारी ती दोघं बसलेली सापडली.

बुधवार म्हणजे काकूचा धुण्याचा वार. त्या घरात सहा बिऱ्हाडं, आणि तळघरातली कपडे धुण्याची खोली सगळ्यांत मिळून एक. काकू बादली घेऊन उतरली, दार उघडलं, तर मशीनशेजारी एक भलं मोठं धूड. गुऱ्हाळातल्या काहिलीवर दुसरी काहील पालथी घालावी तसं. पुढ्यात एक तरणी बाई आणि एक बाप्या, दोघं फरशीवर फतकल मारून.

काकूनं बादली खाली ठेवली नाही. हाणायला बरी पडते.

"कोन तुमी? किल्ली कुनी दिली?"

"खापरपणजी," बाई म्हणाली आणि एकदम रडायलाच लागली.

"कोन?"

"तू. तू माजी खापरपणजी. मी उर्जा. सियाची नात. हे आमचं मालक, वेदांग."

बाप्यानं उठून वाकून नमस्कार केला. काकूनं पाय मागं घेतले.

"सिया नऊ वर्साची हाय. दुधाचं दात आजून पडत्यात तिचं. आन् तिला नात?"

"आता नऊ वर्साची. आमच्याकडं म्हातारी हाय ती. आमी म्होरल्या काळातनं आलोय. तिकडं आमी ह्याच घरात ऱ्हातो. ह्या यंत्रात बसून मागं आलो, तवर बेस. पन आता घरला निघालो की म्होरं जातच न्हाई. निघतोय, गरगर फिरतोय, आन् परत ह्याच खोलीत, ह्याच मशीनपाशी."

"गेनाऊ, अगदी असंच," वेदांग म्हणाला. त्याचं मराठी पुस्तकातल्यासारखं होतं. "जागा बरोबर लागते, काळ लागत नाही. कारण सापडत नाहीये."

काकूनं दोघांना वरपासून खालपर्यंत बघितलं. नातवाचा फोन जुना झाला, आता नातीची नात आली. धंद्यात लोक सुधारणा करतातच.

"आन् ही बोली तुला कुनी शिकवली?"

"सियाआजीनं."

काकू हसली. "सियानं! ती पोरगी माज्याकडं पानीसुदिक जर्मनमधी मागती. थाप मारायची तर जरा पचंल आशी मार गं."

उर्जा डोळे पुसत म्हणाली, "आमची लेक तिकडं हाय. तीन वर्साची. शेजारणीकडं ठिवून आलोय, जेवायच्या वक्ताला येतो म्हनून सांगून."

वेदांगनं तोंड फिरवलं आणि काहिलीच्या कडेचा एक खटका उगाच पुसत बसला. ते तेवढं काकूला खोटं वाटलं नाही, आणि म्हणूनच तिचा संशय वाढला. जी थाप खरी वाटते तीच महागात पडते, हे पोलिसानंही सांगितलं होतं.

"किती पायजेत?" तिनं विचारलं.

"काय किती?"

"आसूंदे. शेवटाला मागत आसाल."

तरी चोर असला म्हणून उपाशी ठेवायचा नाही. काकूनं वर जाऊन थालीपिठं लावली आणि खाली आणून दिली. उर्जानं पहिला घास मोडून लोण्यात बुडवायच्या आधी ताटाबाहेर ठेवला. पंढरीनाथ ठेवायचा तसा. काकूनं ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. कुठनंतरी माहिती काढली असेल.

खाऊन दोघं काहिलीत शिरली. उर्जा आतनं म्हणाली, "येतो गं."

"या," काकू म्हणाली. सवयीनं तोंडातनं गेलं.

काहील घुमायला लागली, मशीनवरचा साबणाचा डबा थरथरला, आणि एकदम खोली रिकामी. काकू दाराशी उभी राहिली. डोळ्यांदेखत धूड गेलं होतं. पण जादूगार हत्ती गायब करतात, हेही तिनं बघितलेलं होतं. कपड्यांची पिळण व्हायच्या आत भिंत हादरली आणि काहील पुन्हा तिथंच, चुन्याचा रवा अंगावर घेऊन.

"आली का सवारी?" काकू म्हणाली. "म्या म्हटलं, काय न्हेऊन गेलासा की काय."

तो बुधवार, मग गुरुवार, मग शुक्रवार. दिवसातनं किती वेळा जायची आणि यायची याला हिशेब नाही. सुट्टीचे दिवस, वरची बिऱ्हाडं गावाला गेलेली, म्हणून त्या खोलीत दुसरं कुणी आलं नाही. वेदांग खटके फिरवून फिरवून थकला. रात्री तळघरात पंढरीनाथच्या जुन्या गादीवर झोपायची. काकू वर दाराला दोन्ही कुलपं लावून झोपायची आणि सकाळी आधी तळघराच्या दाराला कान लावून यायची. आत दोघं लेकीबद्दल बोलत असायची. तिला कांजिण्या तर आल्या नसतील ना, शेजारीण तिला दूध कोमट करून देत असेल का. कुणी ऐकतंय हे त्यांना ठाऊक नव्हतं. की होतं? काकूला तेही ठरवता येईना. हर्षला तिनं फोन केला नाही. त्यानं पोलीस आणले असते किंवा डॉक्टर, आणि डॉक्टर तिच्यासाठी.

शनिवारी मात्र वेगळीच पंचाईत झाली. या मुलखात केअरवोखं म्हणून एक प्रकार आहे. घरात एक लाकडी पाटी असते, ती आठवड्यागणिक दारोदार फिरते. ज्याच्या दाराला पाटी, त्यानं त्या आठवड्यात जिना, तळघर आणि फाटकापर्यंतची वाट झाडायची. कुणी पळवाट काढली तर कायदा एकवेळ सोडेल, तळमजल्यावरची फ्राऊ क्नाउस सोडत नाही. पाटी त्या आठवड्यात काकूच्या दाराला होती आणि तळघर बुधवारपासून झाडलेलं नव्हतं.

"शैला," फ्राऊ क्नाउस जिन्यातनं श्वाबीत गरजली, "तुझा हात मोडलाय का? खाली बोळात चुना सांडलाय, पिठाचे कण सांडलेत. आणि रोज मशीन लावतेस, तुझा वार नसताना! मला आवाज येतो हो."

"झाडते."

"कधी?"

"पाहुणे गेले म्हणजे."

"पाहुणे? तळघरात?"

"जुन्या वळणाचे आहेत," काकू म्हणाली आणि खाली निघून आली.

उर्जानं हे सगळं ऐकलं होतं. श्वाबी तिलाही येत होती. काकू आत आली तशी तिनं विचारलं, "खापरपणजी, आमी गेल्यावर तू हितं झाडत न्हाईस?"

"कोन झाडंल? येडी का खुळी तू?"

वाळव्याकडं माणूस प्रवासाला बाहेर पडला की त्याच्या पाठोपाठ केर काढत नाहीत. दिवस मावळेपर्यंत केरसुणी कोपऱ्यात. शैला जर्मनीला निघाली तेव्हा तिच्या आईनं दोन दिवस उंबरा झाडला नव्हता, भाऊबंद नाव ठेवत होते तरी. पाठोपाठ झाडतात ते फक्त मढं उचलल्यावर, गेलेलं परत फिरू नये म्हणून. या दोघांना चोर म्हणता म्हणता काकूनं बुधवारपासून केरसुणीला हात लावला नव्हता. त्यात माया नव्हती. हात उचलतच नव्हता.

उर्जा नवऱ्याकडं बघत म्हणाली, "म्हनून माघारी येतोय आपन."

"उर्जा, बिट्टं," वेदांग विनवत म्हणाला, "याला शास्त्र म्हणत नाहीत."

"तुज्या शास्त्रानं बुधवारपास्नं ह्या बादलीभोवती फिरवलंय आमाला." मग ती काकूकडं वळली. "आमच्यामागं झाड."

"काय म्हनलीस?"

"आमी गेलो की लगोलग झाड. पार फाटकापतूर. वळून बघू नगंस."

काकू मशीनला टेकली. पैसे मागतील म्हणून ती चार दिवस वाट बघत होती. पैसे परवडले असते. चोर परत येता यावं म्हणून कडी सैल करून ठेवतो, माझी वाट बुजव असं कोण म्हणतं? आणि पुण्या-मुंबईच्या भामट्याला तर या झाडण्याचा अर्थही ठाऊक नसणार. या पोरीला ठाऊक होता.

"मढं गेल्यावानी?" काकूनं विचारलं.

"व्हय."

"जित्या मानसामागं?"

"तुला आमी तसंबी परत दिसायचो न्हाई गं. ते खरंच हाय की."

"मला जमायचं न्हाई."

शेवटचं तिनं पंढरीनाथला नेलं त्या दिवशी तसं झाडलं होतं, जिन्यापासून फाटकापर्यंत, कुणाशी एक शब्द न बोलता.

वेदांग जवळ आला. "एक विचारू? आम्ही तुमचे आहोत यावर तुमचा विश्वास बसला का?"

"न्हाई."

"आल्झो, तर मग अडचण काय आहे? चोरांच्या मागं झाडायला कुणाची हरकत असते?"

जावयानं बरोबर पेचात पकडलं होतं. चोर आहेत म्हणावं तर झाडायला पाहिजे. झाडायचं नाही म्हणावं तर आपलीच आहेत असं कबूल करायचं, आणि तिकडं तीन वर्षांची पोर जेवायला वाट बघत बसणार.

"भामटं हायसा तुमी," ती म्हणाली. "पक्कं भामटं. बसा आत."

उर्जानं तिच्या पायाला हात लावला. या खेपेला काकूनं पाय मागं घेतला नाही, पण आशीर्वादही दिला नाही. चोरांना देतात का? उर्जा या वेळी येतो म्हणाली नाही. काकू या म्हणाली नाही.

काहील घुमली आणि गेली.

काकूनं केरसुणी उचलली. "चोर," ती म्हणाली आणि पहिला फटका ओढला. "भामटं मेलं. नातीची नात म्हनं. सिया शिकवती म्हनं मराठी." चुना, पिठाचे कण, गादीतला कापूस, सगळं पुढं लोटत ती तळघराच्या पायऱ्या चढली, पुढल्या दारातनं बाहेर पडली, आणि फाटकापर्यंत शिव्या देत झाडत गेली. रस्त्यावरनं जाणारा एक माणूस बाजूला झाला. ती वळली नाही. केर भरला, डब्यात टाकला, मग तळघराच्या दाराशी येऊन उभी राहिली. भिंत हादरायची वेळ झाली. टळून गेली. साबणाचा डबा जागच्या जागी होता.

फ्राऊ क्नाउस चपला वाजवत खाली आली. बोटानं कठडा पुसून बघितला, कोपरे बघितले.

"आता कसं! गेले वाटतं पाहुणे?"

"गेले."

"परत येणार आहेत का?"

"नाही."

"कोण होते गं?"

"चोर."

फ्राऊ क्नाउसनं घाबरून खोलीभर नजर फिरवली. मशीन होतं, दोऱ्या होत्या, चिमट्यांची पिशवीसुद्धा होती. "काय नेलं मग?"

"काही नाही."

"काही न नेणारे चोर कसले, शैला?"

काकूनं केरसुणी पुन्हा हातात घेतली. स्वच्छ झालेली फरशी ती पुन्हा पहिल्यापासून झाडायला लागली.