बाबांना बांधलं ती दुपार

खुब्याचं ऑपरेशन होऊन बाबा घरी आले तेव्हा डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावली होती, आधाराशिवाय त्यांना उठू द्यायचं नाही. पण आपलं ऑपरेशन झालंय हेच बाबांच्या लक्षात राहत नव्हतं. विसरण्याचा आजार आधीपासूनचा. दर दहा मिनिटांनी पाय पलंगाखाली सोडायचे.

"बाबा, काहून उठता? पाय मोडला ना तुमचा."

"कोणाचा? मले कळमन्याले जायचं हाये. तुरीच्या गाड्या लागल्या असतीन."

कळमन्याच्या धान्यबाजारात त्यांनी उभं आयुष्य मापाड्याचं काम केलं होतं. मी त्यांची एकुलती मुलगी. धरमपेठेतल्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच. त्यांना सांभाळायला कन्हानहून एक मावशी रोज यायच्या. सुनेचं बाळंतपण आलं म्हणून त्या आठवडाभर सुट्टीवर गेल्या. एजन्सीने बदली बाई कबूल केली, पाठवली नाही.

पाचव्या दिवसापर्यंत मी सलग तासभरही झोपले नव्हते. माझ्या अंगाला, केसांना त्यांच्या लघवीचा वास येत होता. मला फक्त आंघोळ करायची होती. मी माझी ओढणी त्यांच्या कमरेभोवती गुंडाळली आणि पलंगाच्या दांडीला गाठ मारली.

"काय करून राहिल्या, बाई?" त्यांनी विचारलं. परक्या बाईला विचारावं तसं, अदबीने.

नळ सोडला तरी हाका ऐकू येत होत्या. "कोणी हाये का गा? सोडा मले!" मी बाहेर आले नाही. बादली भरून वाहत राहिली, मी ओल्या फरशीवर बसून राहिले. हे आज मरून जावेत, असं मला वाटलं. अगदी या शब्दांत वाटलं.

बाहेर आले तर मावशी पलंगापाशी गुडघे टेकून बसलेल्या. दोन दिवस आधीच परतल्या होत्या, किल्ली त्यांच्याकडे असायचीच. ओढाताणीने गाठ आवळली होती, त्या ती दातांनी सोडवत होत्या. बाबांच्या पोटावर लाल वळ उठला होता.

"काहून बांधलं वं ताई?"

"मग काय करू? तुम्हीच सांगा मावशी, काय करू मी?"

मावशींनी गाठ सोडवली. बाबांच्या तोंडाला पाण्याचा पेला लावत त्या म्हणाल्या, "जा, निजा जराशा. मी आहो ना."

पंधरा दिवसांनी मावशी स्वयंपाकघरात पेज ढवळत असताना बाबा उठले आणि पडले, खुबा पुन्हा मोडला. हृदय अशक्त, दुसरं ऑपरेशन झेपणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून ते उठत नाहीत. कळमन्याचं नावही काढत नाहीत. पडून राहून पाठीला जखमा झाल्या आहेत.

परवा मी त्यांची माफी मागितली. कशाची, ते सगळं सांगितलं. ते भिंतीकडे बघत होते.

"ताई, कूस बदलायची वेळ झाली," मावशी म्हणाल्या. मी बाबांच्या खांद्याखाली हात घातला.