सव्वा मणाचा नवस

आईचं तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी चहा पिताना मावशी म्हणाली, "तुझ्या आईचा एक नवस राहिलाय."

जन्मले तेव्हा मी फार अशक्त होते. आईने मुलुंडच्या गावदेवीला सांगितलं होतं, पोर सव्वा मणाची होऊ दे, तिच्या भारंभार, म्हणजे तिच्या वजनाइतका, गूळ वाहीन. छप्पन्न वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आई नवस न फेडता गेली, एवढंच माझ्या मनात राहिलं.

"सव्वा मण म्हणजे किती किलो?"

"ते तू सांग. पुस्तकं तू वाचलीस."

पुस्तकात दोन मण निघाले. बंगाली मण सव्वासदतीस किलोंचा, मुंबईचा जुना मण पावणेतेरा किलोंचा. म्हणजे सव्वा मण एका हिशेबाने साडेसेहेचाळीसच्या जरा वर, दुसऱ्याने सोळा. सोळा किलोंची मी बालवाडीतच झाले असणार. तसं असेल तर आईने देवीला पन्नास वर्षं ताटकळत ठेवलं होतं.

मावशीने मला वाण्याकडे नेलं आणि पोती तोलायच्या काट्यावर उभं केलं. दोन गिऱ्हाइकं साबुदाणा घ्यायचा थांबवून बघत राहिली. पंचेचाळीस किलो दोनशे ग्रॅम.

"चपलांसकट ना?" मावशीने विचारलं.

"हो."

"मग अजूनच कमी."

मावशीने वाण्याला नवसाचं आधीच सांगितलं होतं. तो अदबीने म्हणाला, "ताई, दीड किलो कमी पडतंय. केळी मागवू?"

त्याचे म्हातारे वडील गल्ल्यापाशी बसले होते. नवसाचा मण कुठला धरायचा, हे मावशीने त्यांनाच विचारलं.

"धंद्यात दोन्ही चालायचे," ते म्हणाले. "देताना छोटा, घेताना मोठा."

मला मोठा मण हवा होता. त्या मापाने मी अजून भरलेच नव्हते, आणि आईकडे काही थकलेलं नव्हतं. मावशी ऐकेना. "उद्या मी गेले तर कोण फेडणार? तू? तुला तर नवस माहीतच नव्हता."

शेवटी सोळा किलो गूळ घेऊन आम्ही रिक्षाने देवळात गेलो. मावशीने पदर सावरला आणि देवीशी भाजीवालीशी बोलावं तशी बोलली. "बाई, छोट्या मणाने तुझं आलं. मोठा म्हणत असशील तर पोरगी अजून भरली नाही, ही बघ समोर उभी आहे. माझ्या बहिणीला बोल लावू नकोस."

देवीने हरकत घेतली नाही. गुरवाने घेतली. एवढ्या गुळाला मुंग्या लागतील, ठेवायचा कुठे?

दुपारी जेवताना मावशी मला आग्रहाने दुसऱ्यांदा भात वाढायला आली. मी पानावर हात आडवा धरला. मोठ्या मणाने आईचं मागणं देवीपाशी अजून चालू होतं. ते इतक्यात पुरं व्हायला मला नको होतं.