दगडफुलाच्या डब्याशेजारचा समुद्र

कोल्हापुरात शेवाळ म्हटलं की रंकाळा तलावाची पायरी आणि मोडलेलं कंबरडं आठवतं. ते खायचं असतं असं कुणी म्हणालं, तर आम्ही आधी त्याच्याच डोक्याची चौकशी करतो.

गेल्या उन्हाळ्यात माझी भाची रत्नागिरीहून सुकवलेल्या शेवाळाचं पाकीट घेऊन आली. समुद्रातल्या वनस्पती हा तिच्या अभ्यासाचा विषय. आईला विसर पडायला लागला होता. एखाद्या दिवशी ती मला, पोटच्या पोराला, "पावणं" म्हणायची.

"मामा, ह्यातले काही घटक मेंदूच्या पेशींना जपत असावेत असं संशोधकांना वाटतंय," भाची म्हणाली. "खात्री अजून नाही. औषध नव्हे, अन्न म्हणून चिमूटभर. आयोडीन असतं, तेव्हा डॉक्टरांना विचारूनच."

मी थक्क झालो. जमिनीत मूळ नाही, भोवती खारं पाणी, दिवसभर लाटांचा मार, आणि त्या पाल्यात माझ्या आईच्या डोक्यासाठी काही असेल? जन्मभर उसाचे फड बघितलेल्या माणसाला हे पचणं अवघडच.

पाकीट मी ओट्यावर ठेवलं, दगडफुलाच्या डब्याशेजारी. दुसऱ्या दिवशी घरात वर्षभराच्या चटणीचा मसाला भाजायला काढला. ते काळं, चुरगळलेलं शेवाळ बायकोला दगडफूलच वाटलं. तिनं त्यातलं मूठभर सरळ कढईतल्या तेलात सोडलं.

आई लसूण सोलत बसली होती. सकाळपासून मी पावणाच होतो. तिनं एकदम मान वर केली.

"ह्ये दगडफूल न्हाय. समुद्राचा वास हाय की." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तू पडलतास पाण्यात. चप्पल गेलती तुझी वाहून. बाप हसत बसला, आन् मी पळाले."

रत्नागिरीला आम्ही एकदाच गेलो होतो, मी अगदी लहान असताना. चप्पल तर मीही विसरलो होतो. शेवाळाचा कणही अजून तिच्या पोटात गेला नव्हता, नुसत्या वासानं तिनं मला समुद्रातून बाहेर काढलं. मला रडू आलं, आणि मसाल्याच्या ठसक्यात ते खपूनही गेलं.

दुपारी जेवायला बसलो. आई भाकरीचं टोपलं घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"पावणं, वाढू का अजून?"

"वाढा की," मी म्हणालो.