टिटवीचा मोडका पंख

आयुष्यात मला एकाच पक्ष्याने फसवले, आणि नेमका त्याच पक्ष्याचा धडा मी जळगावच्या शाळेत वर्षानुवर्षे शिकवत आलो आहे.

साल एकसष्ट. लग्नानंतरचा पहिला धोंड्याचा महिना, म्हणून जावयाला भडगावचे बोलावणे आले. अनारसे खाऊन झाले, अंगावर नवे कोरे धोतर चढले (इतके कडक, की मी बसलो तरी ते उभेच!), आणि माझे सासरे, आबा, म्हणाले, "चला मास्तर, औंदा पानी कसं शे ते टिटवीले इचारी येऊ."

टिटवीने अंडी गिरणेच्या पात्रात घातली तर पाऊस कमी, उंच बांधावर घातली तर नदी चढणार, असा आबांचा ठोकताळा. पेरणी त्यावर ठरायची. मी वाटेत त्यांना प्राण्यांच्या स्वसंरक्षणावर अख्खे व्याख्यान दिले. नाकतोडा पानासारखा दिसतो, साळिंदर काटे उभारते, टिटवी जखमी असल्याचे सोंग करून शत्रूला घरट्यापासून लांब नेते! माझी पत्नी मागून ऐकत चालत होती.

बांधावर पोचतो तोच समोर एक टिटवी किंचाळत धडपडली. एक पंख जमिनीवर फरफटत होता.

"अरेरे, जखमी आहे बिचारी!" म्हणत मी धावलो.

ती दहा पावले सरकली, मीही सरकलो. ती आणखी सरकली, मी वाकून, हात पसरून मागे.

"जवाईबुवा, कोठे चालनात?" आबा ओरडत होते.

दोनशे पावलांवर म्हशींचा डोह होता. मी कमरेपर्यंत चिखलात गेलो (धोतर तेव्हा पहिल्यांदा बसले!), आणि टिटवी दोन्ही पंख छान पसरून, मला यथेच्छ शिव्या देत उडून गेली.

"अहो, अंडी इथं आहेत!" बांधावरून ही हाक मारत होती. "तुम्ही जिथून पळत सुटलात तिथंच! माझ्या पायाशी!"

"मास्तर," आबा म्हणाले, "समदं पुस्तकमा शे ना? मंग तुम्ही चिखलमा कसा?"

घरी धोतर पिळताना मी हिला विचारले, "तुला कसं कळलं?"

"तुम्ही पंखाकडे बघत होता. मी ती कुठून उठली ते बघितलं."

त्यानंतर सतरा वर्षांनी, मुलीच्या बोर्डाच्या वर्षी, दिवाळी सरली आणि ही लंगडू लागली. "गुडघा धरलाय हो." सगळा हिवाळा मी त्या गुडघ्यामागे होतो. निर्गुडीचा पाला बांधला, तेल चोळले, एस.टी.ने दोनदा धुळ्याच्या हाडवैद्याकडे नेले. तो म्हणाला, "गुडघ्यात काही नाही." मी त्यालाच अडाणी ठरवले!

मुलीचा शेवटचा पेपर झाला त्या संध्याकाळी ही स्वयंपाकघरातून सरळ, न लंगडता चालत आली. माझ्यासमोर बसली आणि छातीतली गाठ दाखवली. कार्तिकापासून होती. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात.

"सांगितलं का नाहीस?"

"मग पोरीनं पुस्तक उघडलं असतं?" मग जरा हसली. "आणि तुम्ही दोन दिवसांत घरभर रडत फिरला असता. तुम्हाला कुठंतरी लांब न्यायला हवं होतं. गुडघा बरा लांब होता."

मुलगी पहिल्या वर्गात पास झाली. निकाल हिने अंथरुणातून दोनदा वाचून घेतला. भाद्रपदात ही गेली.

परवा वर्गात तोच धडा आला. मी टिटवीचे सोंग वाचून दाखवले. पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला.

"सर, इतक्या साध्या सोंगाला कोणी फसतं का?"

"फसतं," मी म्हणालो. "काही जण तर धडा शिकवून झाल्यावर दोनदा."