गेमचा आवाज

अमरावतीला नोकरी लागली तेव्हा हातात धरून खेळायचा माझा व्हिडिओ गेम अकोल्याला आईबाबांकडेच राहिला. यंदा सुटीत गेलो आणि सुरू केला, तर पडद्यावर सगळं ठीक, आवाज मात्र नाही. आवाज वाढवला, बंद करून पुन्हा लावला, तरी ढिम्म. इयरफोन लावले की ऐकू यायचं. म्हणजे खोट स्पीकरमध्ये, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी मात्र नेटवरच्या कुण्या दीडशहाण्याचं ऐकून तो रीसेट केला. आतलं सगळं पुसलं जाईल, अशी सूचना आली. माझे गेम केव्हाच खेळून संपले होते, म्हणून बेधडक 'हो' दाबलं. आवाज नाहीच.

चिडून टॉर्च मारला. स्पीकरच्या भोकांत कापूस ठासून भरलेला. तो काढायला आईकडे सुई मागितली.

"तो म्याच भरला," आई म्हणाली. "तुहे बाबा दुपारी झोपते. आवाज कमी करायचं बटन मले कुठी माईत?"

"तू खेळतं हे?"

"त्यातलं शेतीचं खेळतो."

मी सुईनं कापूस उपसायला लागलो. गावचं वावर बाबा आणि काका बघतात. त्यात काय पेरायचं, हे आईला कुणी कधी विचारलेलं नाही.

तिनं गेम माझ्या हातातून घेतला, सराईतपणे दोनतीन बटणं दाबली आणि थांबली.

"काहून रे, माह्यं वावर दिसून नाही राह्यलं?"