चांदमारीवरची सहावी सतरंजी

माझ्या नणंदेला रायफल चालवता येते हे लग्न ठरताना मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी जरा विचार केला असता. हिमायतनगरच्या आमच्या घरात वकील होते, मास्तर होते, निजामाच्या कचेरीत पेन्शन होईपर्यंत खुर्ची न सोडलेले एक काका होते. पण दर रविवारी सकाळी नऊवारी नेसून, सायकलरिक्षात बसून सिकंदराबादच्या चांदमारीवर, लष्कराच्या नेमबाजीच्या मैदानावर, जाणारी बाई एकच होती. कुसुमताई. माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, मुलींच्या शाळेत गणिताच्या शिक्षिका, लग्न न केलेल्या आणि त्याबद्दल कुणाला एक शब्द बोलू न देणाऱ्या.

शाळेत त्या गोल पातळ नेसायच्या. नऊवारी फक्त चांदमारीसाठी. कारण नेमबाजी पालथं पडून करायची असते, पाय फाकवून, कोपरं रोवून, आणि गोल पातळात ते कसं जमणार? सासूबाई म्हणायच्या, "कासोट्याचं लुगडं बाकीच्यांनी सोडलं, हिनं नेमकं बंदुकीसाठी धरलं." यावर कुसुमताई हसायच्या नाहीत. विनोद त्यांना उशिरा कळत असे.

हे खूळ शाळेतून आलं. मुलींच्या एनसीसीचं काम दुसरं कुणी घेईना म्हणून ते त्यांच्या गळ्यात पडलं, आणि त्या कामाबरोबर टू-टूची रायफल आली. बारीक नळीची, हलकी, खांद्याला धक्काही न देणारी. पंचवीस यार्डांवर पुठ्ठ्याचं कार्ड लावायचं, त्यावर गोल आणि गोलाच्या मधोमध काळा ठिपका, तो बुल. त्यावर दहा गोळ्या मारायच्या. पहिल्याच दिवशी कुसुमताईंच्या दहाच्या दहा गोळ्या कार्डावर लागल्या आणि बाई बिघडल्या त्या बिघडल्याच.

पण मुलींना शिकवून त्यांचं समाधान होईना. त्यांना स्पर्धा पाहिजे होती, आणि स्पर्धा कुठे भरते ते गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. पोलीस अॅक्शन होऊन फार वर्षं झाली नव्हती. बंदुकीचं नाव काढलं की लोक दार लावून घेत. दिल्लीला भरते, मुंबईला भरते, असं कोणी कोणी सांगे. कुसुमताई म्हणाल्या, "दिल्लीला कशाला जाऊ? इथं माणसं नाहीत का?" आणि ही माणसं शोधायची त्यांनी एक युक्ती काढली. सरळ बंदुकांच्या दुकानात जाऊन बसल्या.

दुकान फय्याज मियाँचं. म्हातारा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. कुसुमताईंनी विचारलं, टू-टूची काडतुसं कोण कोण नेतं? मियाँ म्हणाले, "सुनो बाई, बड़ा राउंड लेने वाला शिकारी होता. छोटा राउंड कायकू लेता कोई? उससे तो खरगोश बी नै मरता. जो छोटा लेता, उसको निशाने का शौक लगा सो है." मग त्यांनी नावं सांगितली. रेल्वेचे दोन गार्ड, उस्मानियाचे एक तेलुगू प्राध्यापक, नल्लकुंट्याचे हणमंतराव म्हणून एक कानडी वकील. आणि देवराव.

देवराव मूळचे परभणीकडचे, पलटणीत राहून आलेले, आता सरकारी कचेरीत कारकून. शांत माणूस. पहिल्यांदा कुसुमताई त्यांच्या घरी गेल्या तेव्हा त्यांच्या बायकोला, मनकर्णाबाईंना, वाटलं शाळेची फी राहिली असेल. उच्चवर्णीय मास्तरीण महारवाड्यातल्या माणसाच्या दारात दुसऱ्या कशाला येणार? रायफलीचं ऐकल्यावर त्यांनी चहा टाकला, आणि कुसुमताईंनी तो बशीत ओतून घटाघटा प्यायला. घरी हे कळल्यावर काकांनी दोन दिवस अबोला धरला. कुसुमताईंना तो तिसऱ्या दिवशी लक्षात आला.

असे एकेक जमत गेले. चांदमारी लष्कराची, तिथल्या मेजरांनी रविवारची सकाळ दिली. आठ सतरंज्या एका ओळीत अंथरायच्या, प्रत्येकीसमोर एक कार्ड. कुणी कुठे पडायचं हे कुणी ठरवलं नव्हतं, पण देवळात माणसाची बसायची जागा ठरते तशी ती ठरून गेली. चौथीवर हणमंतराव, पाचवीवर कुसुमताई, सहावीवर देवराव. तीन-चार वर्षं हे तिघे शेजारी शेजारी पालथे पडले. रेल्वेची टीम झाली, कॉलेजची झाली, शाळेच्या माजी मुलींची झाली, आणि उरलेल्यांची एक, तिचं नाव 'गाव टीम'. कुसुमताईंचा एकच धाक असे: दुसरं काही चुकलं तर चालेल, कार्ड आपलं आहे ना ते बघूनच चाप ओढायचा. शेजाऱ्याच्या कार्डावर गोळी मारणाऱ्याला त्या असं काही बोलत की तो पुढचे दोन रविवार तोंड दाखवत नसे. एका गार्डाला त्यांनी विचारलं होतं, "गाडी तरी आपल्याच रुळावरून नेता ना?"

मग छप्पन साल आलं आणि राज्याचे तीन तुकडे झाले. मराठी जिल्हे मुंबईकडे, कानडी म्हैसूरकडे, आम्ही आंध्रात. माझे यजमान म्हणाले, आपण कुठे जायचं नाही, आपण इथलेच. पण सगळ्यांचं असं नव्हतं. हणमंतराव गुलबर्ग्याला गेले. देवराव ऑक्टोबरात नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि आल्यावर त्यांनी औरंगाबादची बदली मागून घेतली. मुलं मराठीत शिकतील, म्हणाले. कुसुमताई म्हणाल्या, "बरोबर आहे." आणि घरी येऊन त्या दिवशी जेवल्या नाहीत.

त्याच सुमारास मेजरही बदलले. नवे मेजर सज्जन होते पण हिशेबी. रिकाम्या सतरंज्या बघून ते म्हणाले, इतक्या थोड्या लोकांसाठी मी रविवार अडवून ठेवू शकत नाही. जानेवारीच्या सामन्याला चार टीम, प्रत्येकीत चार, म्हणजे सोळा पूर्ण कार्डं माझ्या हातात द्या. एकही कमी पडलं तर रविवार पलटणीच्या पोरांचा.

कुसुमताईंनी तो महिना चपला झिजवल्या. फय्याज मियाँकडे जाऊन बसल्या, रेल्वे क्वार्टर्समध्ये फिरल्या. चौदा झाले. मग त्यांनी जेवणाच्या पानावर माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "वन्सं, मला चिमणीसुद्धा उडवता येत नाही." त्या म्हणाल्या, "चिमणी नाही उडवायची. पुठ्ठा आहे, तो हलत नाही." अशी मी पंधरावी. नऊवारी मला त्यांनीच नेसवली.

सोळावं माणूस मिळेना. शेवटी त्यांनी औरंगाबादला देवरावांना कळवलं, आणि देवराव रजा टाकून मनमाडहून येणाऱ्या काचीगुड्याच्या गाडीने निघाले. गाडी नेहमीसारखी लेट. सामन्याच्या सकाळी ते स्टेशनवरून तसेच चांदमारीवर आले, डोळे तांबारलेले, बूट हातात घेऊन धूळ झटकत. कुसुमताई म्हणाल्या, "आलात." एवढंच. पण मी त्यांच्याशेजारी उभी होते, त्यांनी श्वास सोडलेला मला ऐकू आला.

आम्ही सोळा जण तीन पाळ्यांनी मारणार होतो; आमच्या पाळीत हणमंतरावांची चौथी सतरंजी रिकामी होती. मला तिथे पाडता आलं असतं, पण मला नवखी म्हणून कडेला टाकलं होतं, कारण माझी गोळी भरकटली तर तिला शेजारी एकच मिळावा. कुसुमताईंनी ओळीकडे पाहिलं. "दात पडल्यासारखं दिसतंय. मेजर येतायत. सरका सगळे एकेक." आम्ही सरकलो. कुसुमताई चौथीवर आल्या, देवराव पाचवीवर.

सामना झाला. माझ्या दहा गोळ्यांपैकी सात कार्डावर लागल्या, आणि तीन कुठे गेल्या ते मेजरांनी सभ्यपणे विचारलं नाही. सगळी कार्डं टेबलावर मांडली. जवान एकेक कार्ड उजेडासमोर धरून भोकं मोजू लागला. आमच्या पाळीचं चौथं कार्ड हातात घेऊन तो थांबला. नऊ. पाचवं घेतलं. अकरा.

मागे शाळेच्या मुली उभ्या होत्या, त्यांच्या बाईंना बघायला आलेल्या. देवरावांनी एकदा कुसुमताईंकडे पाहिलं आणि पुढे झाले. "साहेब, अकराही माझ्याच. मोजण्यात चुकलो. प्रवासाचा शीण. बाईंची एक बाहेर गेली असेल."

मेजर म्हणाले, "अकरा मारल्या तर तुमचं कार्ड बाद. मग पंधराच राहतात."

देवरावांचा चेहरा उतरला. बाईंची लाज राखायला ते पुढे झाले होते. त्यात बाईंचा रविवार जाईल हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रात्रभर प्रवास करून आलेला माणूस, आणि त्याच्याच चांगुलपणाने सगळं बुडायची वेळ आली.

कुसुमताई टेबलापाशी आल्या. कान लाल झाले होते. देवरावांच्या कार्डावर दहा भोकं डावीकडे खाली एकमेकांना चिकटून होती, आणि एक एकटंच, बरोबर बुलच्या मधोमध. त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

"ही माझी."

मेजरांना वाटलं बाई चांगली गोळी आपल्या नावावर मागतायत. कुसुमताई म्हणाल्या, "गुण नको मला. नियमाने शून्य घ्या. मी शेजाऱ्याच्या कार्डावर मारली. मी ओळ सरकवली आणि पहिल्या गोळीला मीच विसरले. चार वर्षं मी पाचव्यावर मारत आले." मग मुलींकडे वळून मोठ्याने म्हणाल्या, "ऐकलंत ना? तुमच्या बाई शेजाऱ्याच्या कार्डावर मारतात."

"बाई, राहू द्या ना," देवराव हळूच म्हणाले.

"काय राहू द्या? पलटणीतून आलेला माणूस गोळ्या मोजायला चुकतो? कुणी विश्वास ठेवेल का? साहेब, पुंगळ्या मोजा."

जवानाने दोन्ही सतरंज्यांजवळच्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या गोळा केल्या. दहा आणि दहा. मेजर थोडा वेळ त्या तळहातावर खेळवत राहिले. मग म्हणाले, "दस और दस. दोनों कार्ड पूरे. सोला हो गए." आणि जाता जाता, "बाईजी, निशाना अच्छा था."

कप रेल्वेने नेला. ज्याला त्यांनी रुळांवरून टोमणा मारला होता तोच गार्ड कप घेताना काहीतरी बोलणार होता. कुसुमताईंकडे पाहून त्याने विचार बदलला. घरी येताना रिक्षात मी म्हटलं, "वन्सं, जन्मातली सगळ्यात चांगली गोळी, आणि ती दुसऱ्याच्या कार्डावर." रिक्षा दोन चौक पुढे गेली. मग नारायणगुड्यापाशी त्या एकदम हसायला लागल्या, इतक्या की रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं.

त्यानंतर त्यांनी एक नियम केला आणि तो शेवटपर्यंत मोडला नाही. कुणी गाव सोडून गेलं तर ओळ सरकवायची नाही. जागा रिकामी राहू दे, नवं माणूस येईपर्यंत. दात पडलेले दिसले तरी चालेल. आणि नवी माणसं आली. गुंटूर, विजयवाडा इकडून बदलून आलेले कारकून, त्यांच्या बायका, शाळेच्या मुलींचे भाऊ. तेलुगू न येणाऱ्या कुसुमताई "ऊपिरि आपंडि" म्हणजे श्वास धरा, एवढं शिकल्या आणि तेवढ्यावर त्यांचं निभावलं. चौथी सतरंजी वर्षाच्या आत भरली. पुढे चार टीमच्या नऊ झाल्या. औरंगाबादला देवरावांनीही तीन माणसं जमवून नेमबाजी सुरू केली.

देवराव पुढे दर जानेवारीला काही येऊ शकले नाहीत. नोकरी, मुलंबाळं, मग गुडघे. पण सहावी सतरंजी कुसुमताईंनी भरू दिली नाही. नवा कुणी तिथे पडायला गेला की त्या ओरडायच्या, "तिथं नको. त्यांची गाडी लेट आहे." सगळे हसायचे. मीही हसायचे. कधी कधी मला वाटायचं, म्हातारीचा हट्ट आहे, एक चांगली जागा वाया जातेय.

देवराव गेल्याचं कळलं त्या रविवारीही सतरंजी अंथरली. जवानाला सवयच झाली होती, त्याने समोर कार्डही लावलं.

पुढच्या जानेवारीत सामना सुरू व्हायच्या आधी एक मुलगी आली. विशीतली, खांद्याला रायफलीची लांब पिशवी, डोळे तांबारलेले. म्हणाली, "मी सुजाता. औरंगाबादहून. बाबा म्हणायचे, इथं आमची एक जागा आहे."

कुसुमताई तेव्हा सत्तरीच्या घरात होत्या, पालथं पडायला त्यांना दोघांचा हात लागे. पाचवीवरून त्यांनी मान वळवली, पोरीला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि शेजारच्या सतरंजीवरची धूळ हाताने झटकली.

"ये. फार लेट केलीस गाडी."