दर्ग्याच्या उंबऱ्यापर्यंत

सदाशिव पेठेतून धायरीच्या बसमध्ये बसले तेव्हा मला एकच धास्ती होती, रेहानाला चाळीस पायऱ्या चढवायच्या कशा? आम्ही दोघींनी एकाच शाळेत सत्तावीस वर्षं शिकवलं. पुढच्या आठवड्यात तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन होतं आणि त्याआधी तिला टेकडीवरच्या दर्ग्यात फुलं वाहायची होती. तिच्या मुलानं, इम्राननं, न्यायला नकार दिला होता. हिंजवडीत नोकरी करणारा हा मुलगा हल्ली मोबाइलवर मौलानांची बयानं (प्रवचनं) ऐकतो. मागायचं ते अल्लाहकडे, कबरीपुढे नाही, असं त्याचं ठाम मत.

मी एक थांबा पुढे उतरले आणि उन्हातून मागे चालत आले. रेहाना पायथ्याशी रिक्षातच बसून होती.

"या बाई. पेठेत घड्याळं बंद पडली वाटतं?"

बाराव्या पायरीवर ती मटकन बसली. वरून लांब कुडते घातलेली चार-पाच मुलंमुली उतरत होती. त्यांतल्या एकीनं पाण्याची बाटली पुढे केली.

"आजी, इथे काय पीसफुल वाटतं ना! मी रिलिजिअस नाही, पण सूफी गाणी रोज ऐकते. तुमचा छोटासा व्हिडिओ घेऊ?"

"आधी वर तर पोचू दे," रेहाना म्हणाली. ती मुलगी गेल्यावर तिनं मला हळूच विचारलं, "गाणी ऐकते, मग नमाज का नाही गं पढत?"

मला तर ती मुलगीही कळली नव्हती आणि नमाज चुकवत नसलेला इम्रानही.

तेवढ्यात खालून हाक आली, "अम्मी!" हेल्मेट हातात घेऊन इम्रान दोन-दोन पायऱ्या चढत येत होता. त्यानं आईच्या कमरेभोवती हात घातला आणि तिला थेट दारापर्यंत नेलं. उंबऱ्याशी मात्र तो थांबला.

"मावशी, इथून पुढे तुम्ही न्या."

मी पदर डोक्यावर घेऊन तिला आत नेलं. मजारीवर (समाधीवर) हिरवी चादर होती, गुलाबाचा दाट वास होता. रेहाना डोळे मिटून पुटपुटली. बाहेर अंगणात इम्रान असरची (तिसऱ्या प्रहरची) नमाज पढत होता. मी मधे उभी. हात जोडावेत की ओंजळ धरावी, काही सुचेना.

"काय मागितलंस?" मी विचारलं.

"एवढंच, की माझ्या पोराची नमाज कबूल होवो. त्याला सांगू नकोस हं. चिडेल."

उतरताना ती दर चार पायऱ्यांवर टेकत होती. एकदा ती जरा मागे राहिली, तेव्हा इम्राननं हलकेच विचारलं, "मावशी, अम्मीनं काय मागितलं?"

"अरे, तूच म्हणतोस ना, इथे मागू नये?"

"हो. तरीपण सांगा ना."

"मला ऐकू नाही आलं," मी म्हणाले.

घरी आल्यावर आमच्या ह्यांनी पेपरातून मान वर न काढता विचारलं, "मग? कळला का सूफी पंथ?"

"नाही हो," मी म्हणाले, "जाताना थोडा कळत होता."